जुन्या गाडीची नाडी

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा माझ्यासारख्या गॅरेजवाल्याने काय लिहावे, हा प्रश्न पडला. आपले कितीतरी माजी विद्यार्थी प्राध्यापक झाले, डॉक्टर झाले, काही मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले. शाळेच्या आठवणी ते लिहितील आणि त्या मी आवडीने वाचीन. माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते चाळीस वर्षे हातात धरलेल्या पान्याविषयी आणि जिंतूरच्या येलदरी रस्त्यावर माझ्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या एका फियाटविषयी. तसे कळवले, तर ‘तेच लिहा’ असा निरोप आला. म्हणून हा लेखनप्रपंच.

फियाट म्हणतो खरे, पण कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ सालची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ‘अकराशे डिलाइट’ निघाली, पुढे तिचेच नाव प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे कमानपाटे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली, त्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली होती. माझ्या गॅरेजसमोरची मात्र त्या दिवशीही मंठ्यापर्यंत जाऊन आली.

ही गाडी मी १९९९ मध्ये एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ती मुदत यंदा, २०२६ मध्ये संपते आहे. पूर्वी या कामाचे शुल्क सहाशे रुपये होते, एप्रिल २०२२ मध्ये ते पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र. माझा मुलगा पुण्यात मोटारीच्या एका सेवा केंद्रात नोकरीला आहे. तो म्हणतो, “बाबा, आता ही भंगारात द्या. तुमचं वय झालं, तिचंही झालं.” तो आपुलकीने बोलतो आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. अडचण एवढीच आहे की दर रविवारी आपल्या वसतिगृहातील पाच-सहा मुले माझ्याकडे येतात आणि ती या गाडीवरच शिकतात. नव्या गाडीचे बोनेट उघडले तर वर प्लास्टिकचे झाकण दिसते. या गाडीचे उघडले की इंजिन दिसते. कोणती नळी कोठून निघून कोठे जाते, हे बोट ठेवून दाखवता येते. गाडी गेली तर त्या मुलांना मी काय दाखवू?

दहावीनंतर परभणीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी जिंतूरला परत आलो आणि बसस्थानकामागच्या एका उस्तादांकडे कामाला लागलो. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. त्या काळी गावात पाणी कोणी कोठे प्यावे याचे अलिखित नियम होते. चाचांच्या गॅरेजमध्ये एकच माठ होता आणि एकच पेला, आणि त्यातून गिऱ्हाईकही पीत असे, मीही पीत असे. चाचांची शिकवण थोडक्यात अशी होती: “पहले सुन, फिर देख, फिर खोल.” आधी ऐकायचे, मग पाहायचे आणि अगदी शेवटी पाना उचलायचा. जे मिस्त्री आधी उघडतात आणि मग विचार करतात, ते गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकतात, असे त्यांचे मत होते. माझेही आहे.

गिऱ्हाईक येऊन सांगते, ‘गाडी चालू होत नाही.’ चाचा विचारीत, सेल्फ फिरतो का? या एका प्रश्नाने निम्मे काम होते. सेल्फ मारल्यावर नुसती टिकटिक होत असेल, तर समोरचे दिवे लावून पुन्हा सेल्फ मारायचा. दिवे विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढून जोड कच्चा झाला आहे. दिवे लखलखीत राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. पुरती भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, बाराच्या खाली आली की ती जवळजवळ रिकामीच समजावी. पण नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी टर्मिनल सोडवून गरम पाण्याने धुवावीत, घासून घट्ट बसवावीत आणि इंजिनापासून सांगाड्याला जाणारी आर्थिंगची पट्टी तपासावी. मी आजवर जेवढ्या ‘मेलेल्या’ बॅटऱ्या पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच या धुण्याने जिवंत झाल्या. बॅटरीच्या दुकानदारांना हे वाक्य आवडणार नाही.

सेल्फ जोमात फिरतो आणि तरी इंजिन पेटत नाही, तेव्हा तीन गोष्टींपैकी एक कमी पडलेली असते: पेट्रोल, करंट किंवा कॉम्प्रेशन. यांपैकी करंट तपासायला सर्वांत सोपा. एक प्लग काढून वायरीला लावायचा, त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचे आणि सेल्फ मारायला सांगायचे. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी पडली तर डेल्कोचे झाकण काढून पॉइंट पाहायचे. जुन्या गाड्यांत हे पॉइंट जळून खडबडीत होतात. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करून त्यांच्यातील फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची, म्हणजे जाड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. शेजारचा कंडेन्सर बिघडला असेल तर गाडी थंडीत नीट चालते आणि तापली की अडखळू लागते. पुष्कळ मिस्त्री या एवढ्याशा वस्तूकडे पाहत नाहीत आणि कार्बोरेटर खोलून बसतात. एकदा खोललेला कार्बोरेटर पुन्हा पहिल्यासारखा बसवणे हे किती जणांना जमते, ते मी सांगत नाही.

मुलांना सर्वांत आवडतो तो ‘मिसिंग’ शोधण्याचा खेळ. इंजिन चालू आहे, पण एक सिलिंडर काम करीत नाही, गाडी लंगडते. अशा वेळी इंजिन चालू ठेवून, हातात रबरी मोजा घालून, एकेका प्लगची वायर काढायची आणि परत लावायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडले, तर तो सिलिंडर निर्दोष. काढूनही काही फरक पडला नाही, तर चोर तोच. आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात आणि शेजारचा त्याच्यात घालायचा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग बदलावा. जागेवरच राहिला तर वायर बदलून पाहावी. तरीही राहिला तर मग कॉम्प्रेशनचा संशय घ्यायचा. प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. कॉम्प्रेशन वाढले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलाने फट तेवढ्यापुरती बुजवली. वाढले नाही तर वॉल्व नीट बसत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत प्रयोगवहीत हेच लिहून घेतले होते, फक्त तेथे इंजिनाऐवजी परीक्षानळी होती.

आपल्या भागात गाड्यांना सर्वाधिक छळणारा रोग म्हणजे तापणे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा जुनी गाडी उभ्या उभ्या उकळते. येथे लोक थेट रेडिएटर बदलायला सांगतात. मी आधी फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. अर्ध्या इंचाहून फार अधिक दबला तर तो सैल आहे, पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही रेंगाळत आहेत. मग रेडिएटरची जाळी पाहतो. कापसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवरून कापसाने भरलेली वाहने जातात आणि हवेत तंतू उडत असतात. ते, किडे आणि काळ्या मातीची धूळ मिळून जाळीत असा गालिचा विणतात की वाऱ्याला वाटच उरत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने पाणी मारले की काम होते. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात.

आतला रोग मात्र चिवट. वसतिगृहात अंघोळीचे पाणी तापवण्याचा मोठा तांब्याचा बंब होता. त्याच्या आत पांढरा दगडासारखा थर चढलेला असे आणि दर सहामाहीला अधीक्षक सर आम्हाला तो खरवडायला लावीत. आपल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले तर तोच थर त्याच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तेथे खरवडायला हात पोहोचत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट घालावे, अगदीच नाही तर स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी. बंब खरवडून ज्यांची नखे झिजली, त्यांना हे पुन्हा सांगावे लागत नाही.

याच संदर्भात थर्मोस्टॅटविषयी दोन शब्द. आपल्याकडचे मिस्त्री गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि ‘आता तापणार नाही’ असे सांगतात. हे मला पटत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर योग्य उष्णतेवर आणतो. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन थंडच धावते, पेट्रोल अधिक खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. तो चिकटला आहे का, हे तपासणे अगदी सोपे आहे. काढून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. पाणी उकळण्याआधी त्याचे तोंड उघडले तर तो चांगला आहे, परत बसवावा. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्याही वर असते, झाकण फिरताच ते वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे हा दुसरा अविचार, त्याने ओतीव लोखंड तडकू शकते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या पट्टीवर ताकासारखा फेस दिसला, तर हेड गॅसकेट गेले असे समजावे आणि गाडी तेथेच थांबवावी.

गाडी तापल्याने बंद पडते तसे पेट्रोल तापल्यानेही बंद पडते, आणि या दोहोंत गल्लत केली तर वेळ हातचा जातो. २००५ च्या मे महिन्यात शेजारच्या घरातील सुनेला भर दुपारी परभणीला न्यावे लागले. बाळंतपण अडले होते, दुसरे वाहन मिळेना. मी फियाट काढली. मागे ती, तिची सासू आणि माझी पत्नी. बोरी ओलांडून काही अंतर गेलो आणि गाडीने दोन-तीन उचक्या देऊन जीव सोडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. काटा लाल रेषेपासून खाली होता, म्हणजे इंजिन उकळले नव्हते. सेल्फ जोमात फिरत होता. प्लग काढला, ठिणगी निळी. उरले पेट्रोल. पंपाच्या नळीला हात लावला तर बोट भाजले. तेव्हा कळले की पंप इंजिनाच्या अंगाला लागून असल्यामुळे त्यातले पेट्रोल वाफ होऊन बसले आहे, आणि वाफ ओढता ओढता पंप थकला आहे. काही उघडायची गरज नव्हती. म्हातारीजवळ पितळी तांब्यात पिण्याचे पाणी होते. तिने पदराचे टोक फाडून दिले, ते भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळले आणि थोडे थोडे पाणी टाकीत राहिलो. ती सात-आठ मिनिटे फार मोठी होती. मागून आवाज येत होते, मी मागे पाहिले नाही. मग सेल्फ मारला आणि इंजिन धरले. झरीला थांबून फडके पुन्हा भिजवले आणि परभणी गाठली. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. त्या दिवशी मी रस्त्यावर कार्बोरेटर खोलून बसलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी फारसा करीत नाही. पुढच्याच आठवड्यात मात्र पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूपासून दूर घेतली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला. तेव्हापासून तो त्रास नाही.

ब्रेकच्या बाबतीत माझे गणित वेगळे आहे. इंजिनात जुगाड चालते, कारण ते फसले तर गाडी थांबते. ब्रेकमधले जुगाड फसले तर गाडी थांबत नाही. पेडल फुग्यासारखे दबले तर पाइपमध्ये हवा शिरली आहे. पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कोठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली, तर एखाद्या चाकाचा सिलिंडर गळतो आहे किंवा अडकला आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते आणि जुने झाले की उतारावर तापून उकळते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. त्यात साधे इंजिन ऑइल कधीही घालू नये, रबर फुगून सारी यंत्रणा बसते. एकदा एका गिऱ्हाइकाने गळणाऱ्या चाकाची नळी ठोकून बंद करून द्यायला सांगितले, तीन चाकांवर चालेल म्हणाला. मी नकार दिला. तो रागावून निघून गेला आणि काम दुसऱ्याकडून करून घेतले. पुढे काय झाले मला ठाऊक नाही, पण माझ्या हातून ते झाले नाही.

धुराविषयी थोडक्यात: निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, आणि गाडी तापल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर म्हणजे आत पाणी शिरते. हिवाळ्याच्या सकाळी सुरुवातीला येणाऱ्या पांढऱ्या वाफेने घाबरू नये.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आपल्याच मराठवाड्यातील उसापासून ते बनते, शेतकऱ्याला त्याचा भाव मिळतो, हे मला मान्य आहे. परंतु चाळीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नाही. नळ्या मऊ पडतात, पंपाचा पडदा ताठरतो, आणि इथेनॉल ओल धरून ठेवत असल्यामुळे महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. मी सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा केला आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवतो. जुन्या गाडीला उभे ठेवणे सर्वांत अधिक बाधते.

मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्याने आपला स्कॅनर आणला होता. शेजाऱ्याची नवी गाडी झटके देत होती. त्याने तार जोडली आणि पाच मिनिटांत कोणत्या सिलिंडरची कॉइल गेली ते सांगितले. मला अर्धा दिवस लागला असता, हे मी मोकळेपणाने म्हणालो. दुसऱ्या दिवशी एक मारुती आली. तिचा स्कॅनर एकदम पाच-सहा दोष दाखवू लागला आणि मुलगा गोंधळला. मी आर्थिंगची पट्टी हलवून पाहिली, ती गंजून लोंबत होती. ती घासून घट्ट केली, तेव्हा सगळे दोष एकदम नाहीसे झाले. मुलगा हसला आणि म्हणाला, “बाबा, हे यंत्राला कसं कळणार?” मी म्हटले, “रविवारी पोरं येतात त्यांना तुझं यंत्र दाखव. त्यांना दोन्ही यायला हवं.” त्याने दाखवले. नववीतल्या एका मुलीने त्याला जे प्रश्न विचारले, त्यांतल्या दोनांची उत्तरे त्याने पुण्याहून फोन करून दिली.

फियाट भंगारात देण्याचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही. नोंदणीचे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. तपासणीपूर्वी एक काम राहिले आहे: पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब थेंब पाणी येते, म्हणजे आतले सील गेले आहे आणि आता बेअरिंगचा नंबर लागणार. त्याचे किट परभणीत मिळाले नाही, संभाजीनगरलाही नाही. मुलाने ते कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मिळवले, आणि गेल्या गुरुवारी ते कुरिअरने आले. मुलांना मी रविवारी सकाळी आठला बोलावले आहे. येताना एक रिकामी बादली आणा, असे सांगितले आहे, कारण रेडिएटरमधले पाणी आधी त्यात काढायचे आहे.